कावळ्यांची गाडी

माझे वडील काय करतात असं कुणी विचारलं, की मी "विमानतळावर आहेत" एवढं सांगून थांबत असे. समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे. विमानतळ म्हणजे सैन्याचा, तारेच्या कुंपणातला, बंदूकवाल्या पहाऱ्यातला. तेव्हा हा माणूस एक तर वैमानिक असणार, नाहीतर निदान इंजिन उघडून बसणारा तरी. मग पुढचा प्रश्न हमखास येई, "विमान चालवतात?" आणि मला खरं सांगावं लागे, "नाही, पक्षी हाकलतात." नाशिकच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी हे उत्तर दिलं आणि बाकावरच्या तिघी जणी हसून हसून आडव्या झाल्या. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण पगार सरकारी होता, क्वार्टर सरकारी होतं, आणि ज्या बसने मी रोज नाशकातल्या द्वारका चौकात उतरून कॉलेजात जायची तिचा पासही त्या हाकलण्यातूनच निघत होता.

तळ नाशिकच्या बाहेर, आग्रा रोडने पुढे, द्राक्षबागा आणि कांद्याच्या वावरांच्या मधोमध होता. लोकांना वाटतं विमानतळ म्हणजे विमानं. आम्हा आत राहणाऱ्यांना माहीत होतं, की विमान हा त्यातला सगळ्यात थोडका भाग. बाकी सगळा पसारा म्हणजे त्या विमानाचे लाड. एक उंच मनोरा, त्याच्या डोक्यावर काचेची खोली, आणि त्या खोलीत बसलेले लोक दिवसभर आकाशातल्या माणसांशी बोलत. एक आगीचा बंब कायम धावपट्टीकडे तोंड करून उभा, त्यातले जवान बूट घालूनच जेवायचे. हवामानवाले सकाळी फुगा सोडायचे आणि तो ढगात दिसेनासा होईपर्यंत आम्ही पोरं माना वर करून उभे. मोठमोठ्या शेडमध्ये जुनी विमानं पार सुटी करून पुन्हा जोडत, आणि जोडलेलं विमान पहिल्यांदा उडायचं त्या दिवशी शेडमधले मेकॅनिक काका लग्नघरच्या वधूपित्यासारखे इकडून तिकडे फिरत. हवाई छत्र्या घडी करायची एक वेगळीच खोली होती. तिथे लांबलचक टेबलं, आणि घडी करणाऱ्याशी मधेच कुणी बोलायचं नाही असा दंडक. माझ्या आईला तो दंडक इतका आवडला, की पुरणपोळी लाटताना तिने तो आमच्या स्वयंपाकघरात लागू केला.

सकाळी धावपट्टी झाडायचीही एक रीत होती. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे हातात हात घातल्यासारखी रांग धरून, मान खाली घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. खडा, खिळा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. इंजिनाने एवढासा खडा जरी आत ओढला तरी आतली पाती मोडतात, असं दादा सांगायचे. दादा म्हणजे माझे वडील. खड्यापेक्षा वाईट काय, तर पक्षी. खडा निदान जागेवर पडून राहतो. पक्षी आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, इंजिनात जाऊन बसतो. त्यासाठी तळावर एक खातं होतं, एक जीप होती, फटाके होते, एक बंदूक होती आणि तीन माणसं होती. त्या तिघांतले एक रंगनाथ निमसे, निफाडकडच्या गावचे, कमरेला गोफण बांधून फिरणारे माझे वडील. कॉलनीत त्यांना सगळे 'कावळेसाहेब' म्हणत. दादांना राग यायचा नाही. उलट साहेब म्हणतात ना, असं म्हणून ते मिशीत हसत.

त्या खात्यामुळे आमचं घर जरा वेगळ्या नियमांवर चाले. उघड्यावर अन्न ठेवायचं नाही. गच्चीत कुरडया, पापड, सांडगे काही वाळवायचं नाही. संक्रांतीला पतंग नाही. भाकरीचा तुकडा चिमणीला टाकायचा नाही. बाकीच्या क्वार्टरमध्ये हे नियम वाकवले जात. आमच्या घरी कसे वाकणार? आई बिचारी कुरडया पलंगावर मच्छरदाणी लावून आत वाळवायची. उन्हाळाभर आम्ही भावंडं जमिनीवर झोपायचो आणि कुरडया पलंगावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धावपट्टीच्या कडेचा तो केशरी कापडी पाइप दिसे, वारा कुठून वाहतो ते दाखवणारा. आई त्याच्याकडे बघून चूल कुठल्या बाजूला पेटवायची ते ठरवी. विमानाच्या तेलाचा वास आणि लसणाच्या फोडणीचा वास आमच्याकडे एकत्रच यायचा. आज इतक्या वर्षांनी द्वारकेजवळच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये लसूण तडतडला, की त्याच्यासोबतचं दुसरं काहीतरी आलं नाही म्हणून माझं नाक वाट बघत राहतं. सुनेला वाटतं सासूबाईंना फोडणी आवडली नाही.

आवाजांचं तर विचारू नका. सकाळी भोंगा, मग इंजिनांची घरघर, मधूनच कानठळ्या बसवत एखादं लढाऊ विमान चाचणीला निघे. त्या वेळी बोलणारा माणूस वाक्याच्या मधे थांबायचा, विमान गेल्यावर उरलेलं वाक्य पुरं करायचा, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. देवळालीच्या छावणीतल्या सरावाच्या तोफा सुरू असल्या की त्यांचा लांबून धप्प धप्प आवाज यायचा, तो आम्ही मोजतही नव्हतो. मात्र या सगळ्या गदारोळात दादांचा एक आवाज मला वेगळा ओळखू यायचा, गोफणीचा. फटाके आणि बंदूक असूनही त्यांचा जीव गोफणीवर. फटाका सगळ्यांनाच उडवतो, ते म्हणायचे, गोफणीने ज्याला सांगायचं त्यालाच सांगता येतं. टिटवीची अंडी धावपट्टीच्या कडेच्या खडीत सापडली, तर दादा ती टोपीत घालून कुंपणापलीकडे ठेवून यायचे, आणि टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत शिव्या द्यायची. गवत फार वाढलं तर उंदीर होतात आणि उंदरांमागे घारी येतात. फार कापलं तर टिटव्या येतात. म्हणून गवताची उंचीसुद्धा ठरलेली. हे सगळं ऐकून मला वाटे, विमानतळ चालवणं म्हणजे शेवटी शेती राखणंच आहे, फक्त पीक उडतं.

पण हेच एका बाईला मुळीच पटत नव्हतं. ती म्हणजे दादांची आई, आमची बय. दादा तिला बय म्हणत म्हणून आम्हीही बयच म्हणायचो. बय गावी राहायची. बाजरी काढताना बांधाकडेची चार कणसं न कापता उभी ठेवायची आणि पाखरांचा वाटा म्हणून सोडून द्यायची, हा तिचा नेम. त्या बाईचा मुलगा पाखरं हाकलायच्या पगारावर जगतो, हे ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. दादांनी तिला किती वेळा आणायला गाडी नेली, पण ती आमच्या क्वार्टरला एकदाही आली नाही. "पाखरांच्या तोंडचा घास काढून बांधलेल्या घरात मी पाणी नाय पेणार," असं तिने सरळ सांगितलं. आम्ही गावी गेलो की मात्र मायेला तोटा नसे. दादांना समोर बसवून जेवायला घालायची, त्यांच्या ताटात पुन्हा पुन्हा वाढायची. पण 'तुझ्या घरी चल' म्हटलं की तोंड फिरवायची. दादा हसण्यावारी न्यायचे. मात्र गावाहून परत येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत गप्प असायचे, आणि आई आम्हाला खुणेने सांगायची, त्यांना काही विचारू नका.

मी सतरा वर्षांची असताना बय गेली. दहावा गावीच झाला, तिच्या स्वतःच्या घरच्या अन्नाला कावळा लगेच शिवला. त्यानंतर पितृपक्ष आला आणि प्रश्न उभा राहिला. बय होती तोवर आजोबांचं श्राद्धाचं पान गावच्या घरी व्हायचं. आता गावचं घर बंद. मुलगा म्हणजे एकटे दादाच, तेव्हा पान त्यांच्या घरी. म्हणजे आमच्या क्वार्टरमध्ये. म्हणजे ज्या घरचं पाणी ती कधी प्यायली नाही, त्या घरचा स्वयंपाक. त्या आठवड्यात दादांनी दाढी करताना दोनदा गाल कापून घेतला.

आता इथे आमच्या तळाची एक गंमत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पितृपक्षाचा पंधरवडा म्हणजे पक्षी खात्याचा सगळ्यात वाईट काळ. एरवी नियम पाळणारी माणसंसुद्धा पितरांच्या बाबतीत ऐकत नाहीत. गच्चीवर, खिडकीत, संडासाच्या पत्र्यावर, जिथे जागा मिळेल तिथे घास ठेवून लोक काव काव करत, आणि आजूबाजूच्या दहा गावांचे कावळे सोहळ्याला येत. नोटिशी लावून काही झालं नाही. शेवटी एका साहेबाने डोकं लढवलं. पंधरवडाभर रोज दुपारी जेवणाच्या सुमाराला विमानं उडणं थोडा वेळ बंद ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात एका मोठ्या लष्करी ट्रकमधून ज्यांच्या घरी त्या दिवशी तिथी असेल त्यांना नदीकाठी न्यायचं. तिथे वडाची झाडं, कावळ्यांची वस्ती, हवे तेवढे घास ठेवा. उडणं सुरू व्हायच्या आत ट्रक परत, उरलेलं अन्न झाकून, पुरून, सगळं साफ. या ट्रकला सगळा तळ 'कावळ्यांची गाडी' म्हणे. मराठी बायका, बिहारी बायका, एक तेलुगू म्हातारे आजोबा, सगळे मांडीवर पत्रावळी सांभाळत हिरव्या ट्रकमध्ये फळ्यांवर बसून निघालेत, आणि पुढे वॉरंट ऑफिसर पिल्लेसाहेब हातात वायरलेस घेऊन बसलेत, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने सैन्य पाहिलं नाही असं मी म्हणेन. पिल्लेसाहेब दक्षिणेचे, मोठे शिस्तीचे, पण पाचव्या दिवसापर्यंत त्यांनाही कुठल्या घरची खीर चांगली ते कळलेलं असे.

या गाडीबरोबर दादा कधीच जात नसत. त्याचं कारण मजेशीर होतं. कावळे दादांना ओळखत. खाकी कपडे बदला, टोपी बदला, लांबून त्यांची चाल दिसली की पहिला कावळा ओरडून बाकीच्यांना सांगायचा आणि झाड रिकामं. इतकी वर्षं त्यांच्यामागे गोफण घेऊन फिरल्यावर दुसरं काय होणार? दादा याला आपल्या कामाची पावती समजायचे. बयची तिथी येईपर्यंत.

आदल्या संध्याकाळी निफाडहून ताराआत्या आली. दादांची थोरली बहीण, अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. तिने आल्या आल्या भोपळा, गवार, अळू, कारली पिशवीतून काढून ओट्यावर मांडली आणि आईच्या हातून स्वयंपाक काढून घेतला. सकाळी घरभर कढीचा, वड्यांचा, गुळवणीचा वास. गोवरीच्या विस्तवावर पितरांच्या नावाने तुपाची आगारी टाकली तेव्हा धूर डोळ्यांत गेला म्हणून सगळ्यांनीच डोळे पुसले, ते बरंच झालं. दादा धोतर नेसून, खांद्यावर पंचा टाकून तयार झाले. सवयीने गोफण कमरेला बांधायला गेले, तर आत्याने ती हिसकावून दाराच्या खिळ्याला अडकवली. "आजच्या दिस तरी नको रे रंग्या! बय येणार हाय का दरोडा पडणार हाय?"

नदीवर पोचलो तेव्हा वडांवर कावळेच कावळे. सगळ्यांनी आपापली पानं लांब लांब मांडली. आणि दादा ट्रकमधून खाली उतरले. एका कावळ्याने मान वाकडी करून बघितलं, ओरडला, आणि काळ्या चादरीसारखं झाड उठून नदीपलीकडे गेलं. आमच्या पानाचं सोडा, कुणाच्याच पानाला कावळा येईना. बिहारी काकू आधी हसल्या, मग जरा वेळाने म्हणाल्या, "निमसेभैया, आप ज़रा उधर हो जाइए ना, हमारे ससुरजी भूखे हैं." दादा ओशाळून ट्रकच्या मागे जाऊन बसले. ते दिसेनासे झाले तसे दोन कावळे परतले, मग चार, आणि बाकीच्यांची पानं एकेक करून शिवली गेली. तेलुगू आजोबांनी हात जोडले. लोकांचं उरकलं. आमचं पान तसंच. कावळे पानाच्या कडेला उतरत, चार पावलं येत, आणि पुन्हा उडून जात.

आमच्याकडे कावळा शिवत नसेल तर काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली ते ओळखायचं आणि मोठ्याने कबूल करायचं. आत्याने सुरुवात केली. "बय, तुझी म्हैस मी सांभाळीन." कावळा नाही. "बय, तुझ्या पाटल्या आमच्या दोघांच्या पोरींना सारख्या वाटीन." नाही. आईने पदर पसरून म्हटलं, "बय, काही चुकलं असलं तर पोटात घाला." नाही. वायरलेस खरखरला. मनोऱ्यातून विचारणा झाली की गाडी निघाली का. पिल्लेसाहेबांनी पानाकडे बघितलं, दादांकडे बघितलं आणि सांगितलं, "थोड़ा टाइम और दीजिए सर. माँ का है." मनोऱ्यातल्या माणसाने तेवढा वेळ दिला. तोही संपत आला. तेव्हा आत्या तरातरा ट्रकमागे गेली आणि दादांना दंडाला धरून पानापाशी घेऊन आली.

"तिला काय पायजे ते तुला माहीत हाय अन् मलाबी माहीत हाय," ती म्हणाली. "म्हण, की ही पाखरं हाकलायची नोकरी सोडतो. म्हण! जलमभर तुझ्या घरचं पाणी नाय पेली ती. आता मेल्यावर तरी तिला जेवू दे."

दादा खाली बघत उभे राहिले. ट्रकमधल्या बायका फळ्यांवरून उठून बघू लागल्या. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. दादांनी 'सोडतो' म्हटलं असतं, तर ती नोकरी गेलीच होती. क्वार्टर गेलं, बसचा पास गेला, आणि पुढच्या हंगामात मी आत्याच्या घरी द्राक्षं निवडत बसले असते. मला दादांचा राग आला नसता. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, म्हणून टाकावं त्यांनी एकदाचं, निदान बसमध्ये खिडकीबाहेर बघणं तरी थांबेल. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग पानाकडे वळून, एखाद्या जिवंत माणसाशी बोलावं तसं, ते बोलले.

"बय, नोकरी मी सोडणार नाय. मी एक पाखरू हाकलतो तवा वरचं एक माणूस जिता खाली येतं. त्याचीबी आई असती. आन् ही पोर शिकून राह्यली. जेवायचं आसन तर जेव. नसन तर उपाशी जाय. पर मी तुला खोटं नाय बोलणार."

आवाज शेवटी फाटला. दादा तसेच पाठ फिरवून, नदीकडून कुंपणाकडे जाणाऱ्या बांधाने, लांब लांब पावलं टाकत निघून गेले. त्यांना रडताना आम्ही बघू नये म्हणून गेले, की बयला जेवता यावं म्हणून गेले, ते त्यांनी मला पुढे कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते बांधावरच्या बाभळींमागे गेले. आणि इकडे वरून एक कावळा सरळ पानावर उतरला, खिरीत चोच घातली, कढीत घातली, आणि वडा उचलला.

"शिवला! शिवला गं बाई!" आत्या ओरडली. ट्रकमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लेसाहेबांनी टोपी काढली. आणि तेवढ्यात गडबड झाली. एका कावळ्याच्या तोंडात अख्खा वडा म्हटल्यावर बाकीचे वीस-पंचवीस त्याच्या मागे लागले, आणि तो वडेवाला कावळा जीव घेऊन पळाला तो नेमका कुंपणाच्या दिशेने. मागे सगळी काळी वरात. आमच्यापायी वेळ टळून गेला होता. उडणं सुरू झालं होतं, आणि पूर्वेकडून चाचणीचं एक विमान चाकं काढून, खाली येत येत, धावपट्टीच्या तोंडाशी येत होतं. पिल्लेसाहेब वायरलेसमध्ये ओरडू लागले. कावळे बांधावरून पुढे गेले की थेट विमानाच्या वाटेत.

बाभळींमागून दादा बाहेर आलेले मला दिसले. त्यांनी वर बघितलं. कावळ्याच्या चोचीत काय आहे ते त्यांना दिसलं; वडा होता, आणि आज त्या नदीकाठी न शिवलेलं पान एकच उरलं होतं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं असणार. बय जेवत होती. आणि तिला हाकलणं त्यांचं काम होतं.

दादांनी खांद्यावरचा पंचा ओढला, दुमडला, बांधावरचा दगड त्यात घातला आणि फिरवला. तो सुऽऽई आवाज मी झोपेतही ओळखला असता. दगड वडेवाल्या कावळ्याच्या पुढून हातभर अंतरावरून गेला. कावळा गर्रकन वळला, मागची वरात फुटली, अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि सगळे कावकाव करत नदीकडे परत. वडा खाली पडला. लगेच मागून विमान आलं, आमच्या पोटातून आवाज काढत, बाभळींचे शेंडे हलवत, आणि पलीकडे धावपट्टीला चाकं टेकली. वायरलेसमधून कुणीतरी म्हणालं, उतरलं. पिल्लेसाहेब ट्रकच्या पायरीवर बसून घाम पुसू लागले.

विमान गेल्यावर जी शांतता पडते ना, ती आजकाल कुठे मिळत नाही. त्या शांततेत आम्ही सगळे बांधाकडे धावलो. आत्या सगळ्यांच्या पुढे, पदर सुटलेला, तोंडाने चालूच, "मेल्या, आपल्या बयच्या तोंडचा घास पाडला रे! आता कशी जाईल ती?"

दादा वावरात वाकून काहीतरी शोधत होते. त्यांना तो वडा सापडला. एका बाजूने टोचलेला, मातीत लोळलेला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याने हळूच पुसला, आत्यासमोर धरला. "खाल्लाय बघ," ते म्हणाले. "माझ्या घरचा खाल्लाय तिनं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसतही होते. मग त्यांनी तो वडा सरळ तोंडाकडे नेला.

"आरं आरं, काय करतो!" आत्याने त्यांचा हात धरला. "कावळ्याच्या तोंडचं हाय ते!"

"कावळ्याच्या नाय," दादा म्हणाले. "बयचं उष्टं हाय. पोटभर झालं की आपल्या ताटातला आर्धा घास माझ्या ताटात टाकायची ती. तुला आठवत नाय?"

आत्याने दादांचा हात तसाच धरून ठेवला होता. त्या चोच मारलेल्या वड्याकडे बघत ती तिथेच ढेकळांत बसली, आणि लहान मुलीसारखा तळहात पुढे केला.

"सगळा नको खाऊ एकटा," ती म्हणाली. "मलाबी दे."